फवारेबुवांचा सहावा राक्षस

गेल्या वर्षी आमच्या इमारतीत बातमी पसरली होती की तिसऱ्या मजल्यावरचे फवारेबुवा घरात झुरळं पाळतात. धंदा थंडावला की डबाभर झुरळं जिन्यात सोडतात, आणि मग आठ दिवसांत चार घरांतून बोलावणं येतं. बातमी पुराव्यानिशी होती. पुरावा मीच दिला होता, त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती. बुवांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे, आणि तीही अशी की तिकडे कुणी शिंकलं तर इकडे मी नाक पुसावं. त्या भिंतीतून मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, "आज दोन अंडी फुटली गं. एक पिल्लू नाजूक निघालं, पण दुसऱ्यावर विष चालत नाही. ते ठेवतो. आणखी अंडी फोडून बघतो."

मी फक्त दोनच घरी सांगितलं. पुढचं त्या घरांनी पाहून घेतलं.

बातमी खोटी होती हेही सगळ्यात आधी मीच शोधून काढलं, हे कुणी सांगत नाही. चाळणी मागायच्या निमित्ताने गेले, तर बुवा पलंगावर मांडी घालून बसलेले, दोन्ही हातांत फोन, आणि फोनमध्ये एक हिरवट, लिबलिबीत गोळा नुकताच कवचातून बाहेर येऊन लाळ गाळत होता. राक्षसांच्या लढाईचा खेळ! अंडी खेळातली, पिल्लं खेळातली, विषही खेळातलं. मी हुश्श केलं आणि घरी येऊन दोन घरी दुरुस्ती कळवली. पण खरं सांगते, त्या गोळ्यापेक्षा झुरळ बरं दिसतं.

आता हे फवारेबुवा कोण ते सांगायला हवं. गल्लीने ठेवलेलं नाव. वय पन्नासच्या आसपास, अंगाने काटकुळे, पाठीवर फवाऱ्याची टाकी, हातात बॅटरी. बावीस वर्षं पेस्ट कंट्रोलचं काम करतात. लोकांच्या सिंकखाली, फ्रिजमागे, गादीच्या शिवणीत जे काही वळवळतं ते बुवांचं गिऱ्हाईक. कामाची त्यांची एक पद्धत आहे, आणि ती आठवली की माझा हात आपोआप तोंडावर जातो. काम झालं की मेलेलं सगळं बिस्किटांच्या पारदर्शक बरणीत भरून मालकिणीसमोर धरतात. "लोक म्हणतात, तुम्ही नुसता वास सोडून गेलात. म्हणून दाखवतो, वहिनी." माझ्या स्वयंपाकघरातल्या कामानंतर त्यांनी अशी बरणी माझ्या नाकासमोर धरली होती. निम्मी भरली होती. त्यानंतर मी दोन महिने बिस्किटं खाल्ली नाहीत.

त्याच दिवशी मी आणखी एक उद्योग केला होता. बुवा दमले असतील म्हणून खुर्ची पुढे केली आणि बसायच्या आधी तिच्यावर वर्तमानपत्र पसरलं. बुवांनी वर्तमानपत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नको वहिनी, मला उभं राहायची सवय आहे." आणि बेसिनपाशी जाऊन तीन वेळा हात धुतले. नखं इतकी बारीक कापलेली की शस्त्रक्रियेला उभं करावं. माझ्या घरातल्या पुरुषमंडळींची नखं मी वर्णन करत नाही.

त्यांच्या राक्षसांबद्दल मात्र बोलायला लागलं की माणूस पालटतो. खेळ असा आहे. प्रत्येकाने सहा राक्षसांची टीम बांधायची. लढाईला बसलं की त्या सहांतले चार निवडायचे, एकेक करून मैदानात उतरवायचे आणि समोरच्याचे चार लोळवायचे. पाण्याचा राक्षस आगीच्या राक्षसाला विझवतो, आगीचा लोखंडाच्याला वितळवतो, विषारी राक्षस बाकी सगळ्यांना झिजवतो, पण लोखंडाला विष बाधत नाही. मला एवढंच कळतं, आणि एवढ्या भांडवलावर मी भर सामन्यात सल्ले दिलेले आहेत.

बुवांनी आपल्या राक्षसांना नात्यांची नावं ठेवली होती. ती मला बुवीणबाईंनी सांगितली. बुवीणबाई म्हणजे त्यांची बायको, दवाखान्यात केसपेपर लिहिते, आणि तिची जीभ तिथल्या सुईपेक्षा जास्त टोचते.

"बघा ताई, काय नावं ठेवलीत," ती म्हणाली. "ही जाडी, चिकट, कितीही मारलं तरी पडत नाही, काही करतही नाही, नुसती समोर बसून दुसऱ्याचा जीव नकोसा करते, ती आत्याबाई. हा चिखलातला किडा, येतो, दोन थेंब विष टाकतो आणि पळतो, तो मेव्हणा. ही बुरशी, ती जाऊबाई. सगळ्यांच्या जखमा भरते, पण डोळे वटारले की घरातला सगळा क्रम उलटा! पुढचे चार डाव जो सगळ्यात मंद, त्याला पहिला मान. हा पंखवाला सगळ्यात चपळ, पण जरा कुणी बोललं की मूर्च्छा, तो जावई. आणि ही जळू..."

"जळू कोण?"

"विहीणबाई," बुवा मान वर न करता म्हणाले.

"एक जाऊ सोडली, तर सगळी माझ्याच माहेरची!" बुवीणबाई उसळली. "तुमच्या रक्ताचं एकही नाही!"

"आमच्याकडचे सगळे एका जातीचे. नुसते ओरडणारे. टीमला तोल लागतो. मार खाणारं कुणीतरी लागतं, औषधपाणी करणारं लागतं, धावणारं लागतं, आणि काही न करता थांबणारंही लागतं. सगळेच शूर असले तर घर दोन दिवसांत पडतं."

मी फोनमध्ये डोकावले. पाचही जण लाळ गाळत होते, फेस काढत होते, एकाच्या पाठीवर फोड होते आणि ते फुटत होते. मी म्हटलं, "बुवा, साठ जातींचे राक्षस आहेत म्हणता, त्यांतले हेच बरे सापडले?"

"ह्यांना कुणी घेत नाही, वहिनी. म्हणून ह्यांच्याशी कसं लढायचं ते कुणी शिकत नाही."

"आणि हा सहावा?"

सहावं म्हणजे कोळशाचं ढेकूळ होतं. तोंड नाही, पाय नाही. कोपऱ्यात पडून मधूनच एक ठिणगी सोडायचं, जसं कुणी झोपेत ढेकर द्यावा.

"ते आजेसासरे," बुवीणबाई म्हणाली. "ते कधी उठत नाहीत. जागा अडवून बसलेत."

हा खेळ खेळणाऱ्यांचा आमच्या भागात एक क्लब आहे. झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत भरतो. दुकानदार म्हणजेच क्लबचा कप्तान. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, केसांना जेल, बोलणं असं की साखरेच्या पाकात माशी पडावी. त्याला एक सवय आहे. कागद वेगळे करायचे असले की अंगठा जिभेवर लावतो. एक कागद, एक चाट. दहा कागद, दहा चाट. माझ्या मुलीच्या दाखल्यांच्या प्रती त्याने अशाच मोजून दिल्या, तेव्हा मी त्या कोपऱ्याला धरून आणल्या आणि घरी उन्हात वाळवल्या.

त्या प्रतींवर आणखी एक गोष्ट होती. प्रत्येक पानावर, त्याच जागी, एक वाकडी काळी रेघ. मला वाटलं काचेवर ओरखडा असेल. जिन्यात भेटलेल्या बुवांना सहज दाखवली, तर ते कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "ओरखडा नाही वहिनी. पाय आहे. झुरळाचा. मशीन गरम असतं ना, आत घर करतात. काचेखाली चिरडलेलं असणार एखादं."

मी तो दाखला तिथेच सोडला. तो उचलून मुलीला द्यायचं काम बुवांनीच केलं.

बुवा सरळ माणूस. दुसऱ्याच दिवशी क्लबात गेल्यावर त्यांनी कप्तानाला हे सांगितलं, आणि भाबडेपणाने चारचौघांत सांगितलं. "शेठ, मशीनमध्ये झुरळं झालीत. सांगाल तेव्हा येऊन साफ करून देतो." कप्तानाचा चेहरा असा झाला की त्याचीच प्रत काढावी. "माझ्या दुकानात झुरळ? तुम्ही आणली असतील पाठीवरून!" सगळे हसले. त्या दिवसापासून क्लबात सगळ्यांना चहा काचेच्या ग्लासात, बुवांना कागदी कपात. कप संपला की कप्तान तो पेन्सिलीच्या टोकाने उचलून कचऱ्यात टाकायचा. मी नंतर हे डोळ्यांनी पाहिलं. मी वर्तमानपत्र पसरलं होतं हे कबूल, पण पेन्सिल? पेन्सिलीपर्यंत मीसुद्धा गेले नसते.

आणि खेळ काय खेळायचे हे लोक? कप्तानाने जगातल्या कुठल्याशा पहिल्या नंबरच्या खेळाडूची टीम इंटरनेटवरून जशीच्या तशी उचललेली. सगळा क्लब कप्तानाची टीम उचलायचा. राक्षसांचीसुद्धा झेरॉक्स! बुवा एकदा वैतागून म्हणाले, "आज आलेल्या दहा जणांचे साठ राक्षस मोजले, वहिनी. जाती किती? आठ. हिरवा ड्रॅगन दहाच्या दहा जणांकडे. एकाने उष्टं टाकलं की दहा जण चाटतात. मला ओकारी येते." बावीस वर्षं गटारात हात घालणाऱ्या माणसाला ओकारी यावी, म्हणजे प्रकरण किती घाण असेल बघा.

क्लबची खरी सूत्रं मात्र बाईंच्या हातात होती. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, खोलीची मालकीण. खेळ त्यांना येत नाही, पण नियम येतात. त्या वर्षी आंतरशहर स्पर्धेला क्लबचे चार जण जायचे होते. आधी कप्तान आपल्या मर्जीने चौघं निवडायचा, त्यांत पहिला स्वतः. बाईंनी ते मोडलं. "चार गट करा. प्रत्येक गटातला विजेता जाईल. ओळखीपाळखी शाळेबाहेर ठेवा." नशीब असं की कप्तान आणि बुवा एकाच गटात आले.

मी भिंतीतून बुवीणबाईला विचारलं, म्हणजे दारातून विचारलं, की एवढं काय आहे त्या स्पर्धेत? बुवा पहाटेपासून अंडी फोडत बसतात, जेवताना घास हातातच राहतो. ती आधी नेहमीसारखं तिरकस बोलली. मग जरा थांबून म्हणाली, "ताई, तिथे प्रत्येक खेळाडूला खुर्ची असते. पाठीवर नावाची पाटी लावलेली. दोन दिवस ती त्याचीच. कुणी ऊठ म्हणू शकत नाही, कुणी खाली कागद पसरत नाही. ह्यांनी फोटो पाहिलाय त्या खुर्च्यांचा. दहा वेळा दाखवला मला. एवढंच पाहिजे त्या माणसाला, दुसरं काही नाही."

घरी येऊन मी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा रद्दीत टाकला.

बुवा गटातले चारही सामने जिंकले. मी एक पाहिला. पाहवत नाही हो! समोरच्याचा ड्रॅगन फुत्कार टाकत येतो, मेव्हणा दोन थेंब विष टाकून पळतो, आत्याबाई येऊन बसते. ड्रॅगन मारतोय, मारतोय, तिच्या अंगातून नुसता चिकट द्रव गळतोय. मध्ये जळू येते, शोषून जाते. पंधरा मिनिटांनी ड्रॅगन स्वतःच्याच ओकारीत पडतो. समोरचा खेळाडू घामाघूम, आणि बुवा शांतपणे, "झालं का?" लोक म्हणायचे, हा खेळ आहे की जुलाब? पण नियमात होतं. चारही सामन्यांत तेच चौघं: मेव्हणा, आत्याबाई, विहीणबाई, जावई. जाऊबाईंनी डोळे वटारले नाहीत, कारण त्या उतरल्याच नाहीत. आजेसासऱ्यांनी कूस बदलली नाही.

गटाच्या अंतिम सामन्यात समोर कप्तान.

अंतिम सामन्याआधी टीम बदलायची मुभा होती. नियम असा की आपले सहा राक्षस आणि प्रत्येकाची करामत कागदावर लिहायची, त्या कागदाची एक प्रत आपल्याकडे ठेवायची आणि मूळ कागद शनिवारी संध्याकाळपर्यंत बाईंच्या पाकिटात. पाकीट रविवारी सगळ्यांसमोर फुटणार. आता प्रत काढायची कुठे? दुकान समोरच. म्हणजे प्रत्येक खेळाडूचा कागद कप्तानाच्या अंगठ्याखालून जाणार. बाईंनी नियम केला तेव्हा ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. कप्तानाच्या आली असावी, कारण "दुकानात गर्दी फार" म्हणून स्वतःचा कागद तो नेहमी सगळ्यांच्या शेवटी द्यायचा.

शनिवारी सकाळी बुवा माझ्या मोरीत उंदराचं काम करायला आले होते. मी विचारलं, "बुवा, तुमच्या कागदाची प्रत काढलीत का?"

"काढली. शेठनीच काढून दिली."

"अहो, वाचला असेल त्याने!"

"वाचला. चाटत चाटत वाचला."

"मग? आणि तुम्ही गप्प?"

बुवा मोरीच्या भोकापाशी उकिडवे बसले होते. हातात पिठाच्या गोळ्या. "वहिनी, उंदीर नव्या वस्तूला शिवत नाही. हुशार असतो. पहिल्या दिवशी विष ठेवलं तर तो वास घेऊन परत जातो, आणि मग जन्मभर त्या वाटेने येत नाही. म्हणून तीन दिवस नुसतं पीठ ठेवायचं. तेच, त्याच जागी. चौथ्या दिवशी त्याला खात्री पटलेली असते."

"बुवा, माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून असलं सांगू नका. मला कणीक मळायचीय."

"आज तिसरा दिवस आहे," ते म्हणाले. मला वाटलं माझ्या मोरीबद्दल बोलताहेत.

रविवारी दुपारी बुवीणबाईने मला ओढून नेलं. "मला एकटीला तिथं धड बसवणार नाही," म्हणाली. ओढायची गरज नव्हती, मी चपला घालूनच बसले होते. खोली कोंदट, शाईचा, घामाचा आणि शिळ्या चहाचा वास एकमेकांत कालवलेला. टेबलाला हात टेकला तर सुटता सुटेना. कप्तानाने हसून बुवांना कागदी कपात चहा दिला. बुवांनी तो बाजूला ठेवला.

बाईंनी पाकीट फोडलं. आधी बुवांचा कागद वाचला: आत्याबाई वगैरेंची खेळातली खरी नावं, पाच विषारी, सहावा कोळसा. मग कप्तानाचा वाचला आणि खोलीत कुजबुज झाली. हिरवा ड्रॅगन गायब. पाण्याचा राक्षस, ज्याच्या जोरावर कप्तान तीन वर्षं जिंकत होता, तोही गायब. त्यांच्या आणि आणखी दोघांच्या जागी लोखंडी हत्ती, लोखंडी कासव, लोखंडी पक्षी आणि खिळ्यांचा एक साप. विषाला चार चिलखतं!

"आता काय करशील?" असं कुणी म्हटलं नाही, पण सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. बुवीणबाईने माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

सामना सुरू झाला. मेव्हणा आला, नेहमीसारखे दोन थेंब टाकले, लोखंडी हत्तीवरून ते पाण्यासारखे घरंगळले. हत्तीने एकाच पायाखाली मेव्हणा चिरडला. पडद्यावर जे उडालं त्याचं वर्णन मी करणार नाही. आत्याबाई आली. हत्ती ठोकतोय, ती सोसतेय, तिचा चिकट रस पडदाभर पसरतोय. शेवटी तीही वितळून गेली. कप्तान हसायला लागला. "बुवा, फवारा संपला वाटतं!"

तिसऱ्या जाऊबाई उतरल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. बुरशीचा तो पांढरा ढीग हळूच फुगला आणि त्यातून दोन डोळे बाहेर आले. वटारले. हत्तीने त्याच डावात तिला पाडलं, पण पडायच्या आधी तिचं काम झालं होतं. पुढचे चार डाव सगळ्यात मंद असेल तो पहिला.

बुवांचे तीन मेले, कप्तानाचे चारही उभे. बुवांनी कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. आणि आजेसासरे उठले.

उठले म्हणजे काय, घरंगळत आले. साठ जातींत त्या ढेकळाइतकं मंद काही नाही. म्हणून पहिला मान त्यांचा. कोळशाला मधोमध लाल चीर गेली, आणि हत्ती वितळला. कासव आलं. वितळलं. लोखंडी पक्षी आला, पंख उघडायच्या आधी थेंब थेंब गळून पडला. खिळ्यांचा साप आला. चार डाव, चार राक्षस. एक फटकासुद्धा म्हाताऱ्याने खाल्ला नाही. पाण्याचा राक्षस असता तर एका चुळीत आजेसासरे विझले असते. पण त्याला कप्तानाने स्वतःच्या हाताने घराबाहेर काढलं होतं, लोखंडाला जागा करायला.

मग बुवीणबाई एवढ्या मोठ्याने ओरडली, "आजोबा!", की बाईंचा चष्मा नाकावरून घसरला.

कप्तानाचा चेहरा घामाने निथळत होता. त्याने खिशातून रुमाल ओढला, आणि रुमालाबरोबर घडी घातलेला एक कागद टेबलाखाली पडला. दुसऱ्याची पडलेली वस्तू उचलून द्यावी असे माझ्यावर संस्कार आहेत. द्यायच्या आधी उघडून पाहावी, हे मी स्वतः शिकले. बुवांचं अक्षर. सहा राक्षस, त्यांच्या करामती, सगळं. पाच विषारी नावांखाली लाल पेनाने दोन दोन रेघा. सहाव्याखाली काही नाही. कोळशाच्या नावावर आडवा, वाकडा, बारीक केसांचा एक काळा पाय.

मी दोन बोटांच्या टोकांनी धरून तो कागद तसाच बाईंच्या हातात दिला.

बाईंनी कागद वाचला, मागून पाहिला, पुन्हा वाचला. "कप्तान, ह्यांच्या कागदाची एकच प्रत निघायची होती. ती ह्यांच्याकडे आहे. मग ही तुझ्या खिशात कशी?"

"मशीनमधून जास्त निघते कधीकधी. चुकून."

"चुकून निघाली, चुकून घडी झाली, आणि चुकून लाल रेघा पडल्या?"

बाईंनी आपल्या वहीत बुवांचं नाव चौथ्या खुर्चीसमोर लिहिलं, मुख्याध्यापिकेच्या ठळक अक्षरात, आणि खाली दोनदा अधोरेखित केलं. "कप्तानपदाचं आपण पुढच्या बैठकीत बघू," त्या म्हणाल्या. क्लबातले लोक, जे कालपर्यंत कप्तानाचं उष्टं चाटत होते, ते आता बुवांना विचारायला लागले, कोळसा कुठे मिळतो, अंडं किती दिवसांनी फुटतं. उद्यापासून साठच्या साठ राक्षस कोळशाचे होणार हे मला दिसत होतं, आणि बुवांनाही दिसलं असावं, कारण त्यांनी तोंड असं केलं जसं बरणीचं झाकण उघडल्यावर मी करते.

त्या घोळक्याला बाजूला सारत कप्तान पुढे आला. पाकातली माशी आता नुसती माशी उरली होती.

"घ्या खुर्ची!" तो म्हणाला. "पण बसमध्ये पाच तास ह्यांच्या शेजारी बसणार कोण? हा माणूस दिवसभर घाणीत हात घालतो, तेच हात घेऊन इथे येतो. खेळतो तेही घाणेरडं. मला तर बुवा तुमची किळस येते. स्पष्ट सांगतो."

बुवीणबाई उठायला लागली. बुवांनी तिला हाताने थांबवलं. त्यांनी बाईंकडून तो कागद मागून घेतला, खिडकीच्या उजेडात धरला, आणि गिऱ्हाइकाच्या घरी बोलतात तशा सरळ आवाजात म्हणाले,

"शेठ, हा पाय मोठ्या झुरळाचा नाही, पिल्लाचा आहे. म्हणजे मशीनमध्ये एक नाही, आख्खं घर आहे, दोनशे तरी असतील. प्रत्येक कागद त्यांच्यावरून येतो आणि प्रत्येक कागदाला तुम्ही अंगठा चाटता. घाण तुम्ही रोज खाताय, मी फक्त मारतो."